दहा मिनिटांत पुसलेला फोटो

प्रश्न

सोलापुरातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देत आहोत.

त्यांचे धाकटे दीर सैन्यात आहेत. सीमेवर तणाव होता त्या दिवसांत एका रात्री त्यांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका कागदाचा फोटो टाकला. वर ‘कॉन्फिडेन्शियल’ असा शिक्का आणि खाली तक्ता : शिधा आणि बर्फातले बूट किती मागवले, किती आले, किती कमी पडले. शिवाय तुकडीचं नाव, ठिकाण आणि तारखा. दहाएक मिनिटांत त्यांनी तो सगळ्यांसाठी डिलीट केला, पण तेवढ्यात बाईंच्या मुलाने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. मुलगा कॉलेजात आहे आणि मित्रांबरोबर सोलापूरच्या बातम्यांचं यूट्यूब चॅनेल चालवतो. त्याचं म्हणणं : ‘जवानांना बूट नाहीत आणि लोकांना ते कळूही द्यायचं नाही, हा कुठला न्याय? बाहेरच्या देशांत असे कागद बाहेर काढून लोकांनी युद्धं थांबवली.’ यजमान यंत्रमाग कारखान्यात आहेत. त्यांचं म्हणणं : ‘लढाई चालू असताना कागद फोडणारा तो देशद्रोहीच. आपल्या घरात हा विषय नको.’ तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. ‘दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढते,’ असं बाई लिहितात. शेवटी विचारतात : ‘दीर मला आईच्या जागी मानतात. कागद दाबून ठेवला तर त्यांच्याशी प्रतारणा होते, बाहेर काढला तर देशाशी. त्या स्क्रीनशॉटचं करू काय?’

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात मुलगा बोलतो, यजमान बोलतात, तुम्ही बोलता. ज्यांनी फोटो टाकला ते दीर मात्र कुठेच बोलत नाहीत. त्यांनी केलेली एकच गोष्ट पत्रात आहे, दहा मिनिटांत फोटो काढून टाकला. माझ्या मते तेच त्यांचं बोलणं आहे. रात्री मन भरून आलं, घरच्यांना दाखवावंसं वाटलं, दाखवलं, आणि लगेच कळलं की हे चुकलं. तो कागद जगाला दाखवा असं त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही ‘दाबून ठेवला तर प्रतारणा’ म्हणता, तिथेच मला थांबावंसं वाटतं. त्यांना न विचारता तो कागद चॅनेलवर गेला, तर ती प्रतारणा जास्त मोठी असेल.

आधी स्क्रीनशॉटचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही.

आजपासून तो कुणालाही पाठवू नका. यजमानांच्या मित्राला ‘फक्त बघायला’ नको, आणि मुलाच्या चॅनेलमधल्या पोरांना तर नकोच. आधीच कुणाला गेला असेल तर कुणाला आणि केव्हा, हे मुलाकडून शांतपणे काढून घ्या. मग त्याच्यासोबत बसून बघा, तो फोटो कुठे कुठे जाऊन बसलाय. स्क्रीनशॉटच्या फोल्डरमध्ये एक प्रत असते. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर दुसरी तिथे गेलेली असते, आणि तिथून काढली तरी बॅकअप झालेली वस्तू साठ दिवस कचरापेटीत राहते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा. लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं असेल तर तेही बघा. ग्रुपवरच्या इतरांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरला असेल, म्हणून नणंद, भाचे, सगळ्यांना विचारा. मात्र ‘तो फोटो’ असं ग्रुपवर लिहू नका, प्रत्यक्ष भेटून विचारा.

आता यातली चूक कुठे होते ते सांगतो. घाबरून लगेच सगळं पुसून टाकायचा मोह होतो. पोलिसांकडून किंवा सैन्याकडून चौकशीचा काही निरोप आला असेल, तर एकही गोष्ट पुसू नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे आणि तो मूळ गोष्टीपेक्षा जड जाऊ शकतो. निरोप आला नसेल तरी पुसण्याआधी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला भेटा. जाताना फोटो वकिलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तोंडी सांगा, कागद कसला होता, कधी आला, आता कुठे आहे. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने गोपनीय असतं. खर्चाची काळजी असेल तर सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तुमच्या नावाने करा.

वकील का म्हणतोय, तर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा. त्याचं कलम ५ फोडणाऱ्यालाही लागतं, जाणूनबुजून घेणाऱ्यालाही लागतं आणि अधिकार नसताना जवळ ठेवणाऱ्यालाही. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शत्रूच्या उपयोगी पडावं म्हणून केलेल्या हेरगिरीसाठी कलम ३ आहे. तिथे संरक्षणविषयक बाबींना शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. फोटो ग्रुपवर आपसूक आला, ते तुम्ही मागितलेलं नव्हतं. पण स्क्रीनशॉट मुलाने स्वतःच्या हाताने काढला आणि जपून ठेवला, ही पुढची पायरी झाली. या कायद्याखालचा खटला सरकारच्या किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीशिवाय न्यायालय दाखल करून घेत नाही, हे खरं. मात्र अटक त्याआधीही होऊ शकते. इफ्तिखार गिलानी या पत्रकाराला २००२ च्या जूनमध्ये दिल्लीत याच कायद्याखाली अटक झाली. त्यांच्याकडे सापडलेली काश्मीरमधल्या सैन्याविषयीची माहिती इंटरनेटवर कुणालाही मिळणारी होती. २००३ च्या जानेवारीत सरकारने खटला मागे घेतला, तोवर सात महिने तुरुंगात गेले होते. तुमच्या मुलाला भीती घालण्यासाठी हे सांगत नाही. ‘माझं म्हणणं खरं आहे, मग मला काय होणार’ असं त्याला वाटत असेल, तर हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

आता त्याच्या म्हणण्याकडे येऊ. तो म्हणतो, तुकडीचं नाव आणि ठिकाण काळं करतो, बाकी तक्ता दाखवतो, मग काय बिघडतं? पोरगं निष्काळजी नाही हे यातून दिसतं. पण तक्ता वाचतो कोण, हे त्याने पाहिलेलं नाही.

लग्नाच्या मांडवात आचाऱ्याने किती किलो तांदूळ भिजत घातला हे कळलं, की किती पानं उठणार हे तुम्हीच सांगाल. सैन्यातही शिध्याचं माणशी रोजचं प्रमाण ठरलेलं असतं. समजा माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं आणि कागदावर वीस दिवसांची मागणी ३,००० किलो आहे. माणशी दहा किलो झाले, म्हणजे तिथे ३०० माणसं आहेत. बुटांचा प्रकार कळला की साधारण उंची कळते, कारण बर्फातले बूट मैदानात लागत नाहीत. मागणीच्या तारखांवरून पुढचा शिधा कधी निघणार याचा अंदाज येतो. आणि ‘किती कमी पडलं’ हा जो रकाना मुलाला दाखवायचाच आहे, तोच वैऱ्याला सगळ्यात आधी वाचायचा असतो. कुठली चौकी अडचणीत आहे आणि किती दिवस तग धरेल, ते त्यात लिहिलेलं आहे. नाव काळं केलं तरी हे आकडे बोलतात. शिवाय वैऱ्याकडे तुमचा एकच कागद नसतो. दुसऱ्या कुणाच्या पोराने टाकलेली रील, तिसऱ्या कुणी काढलेला गाड्यांच्या ताफ्याचा फोटो, हे सगळं तो शेजारी शेजारी मांडून बघतो.

काळं करण्याचंही तंत्र फसतं. फोनमधल्या मार्करने फिरवलेली काळी रेघ पुष्कळदा अर्धपारदर्शक असते. फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसतात. अक्षरं झाकली तरी कागदाची घडी, कोपऱ्यातला टेबलाचा तुकडा, हातातलं कडं, हे राहतंच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स एअर नॅशनल गार्डमधल्या जॅक टेशेरा या २१ वर्षांच्या तरुणाने युक्रेन युद्धाचे गुप्त कागद डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरच्या मित्रांना दाखवले. कागदांच्या मागे स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. पत्रकारांनी तो त्याच्या घरच्यांनी समाजमाध्यमांवर टाकलेल्या फोटोंशी जुळवला. त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. रिअ‍ॅलिटी विनर या अमेरिकी गुप्तवार्ता खात्यासाठी काम करणाऱ्या तरुणीचं २०१७ चं प्रकरण याहून शिकवणारं आहे. तिने पाठवलेला गुप्त अहवाल एका वृत्तसंस्थेने खरा की खोटा हे तपासायला सरकारलाच दाखवला. कागदावर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे तो छापून बाहेर नेलेला होता. तपासात निघालं की तो छापणारे सहाच जण आहेत, आणि त्यातल्या एकीच्या कार्यालयातल्या संगणकावरून त्या संस्थेशी ईमेल झालेला आहे. शिक्षा, पाच वर्षं तीन महिने. तुमच्या दिरांच्या तक्त्याला किती जणांचा हात लागला असेल? चार, फार तर सहा. मुलाने व्हिडिओत काकांचं नाव घेतलं नाही म्हणून ते झाकले जात नाहीत.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, आणि ते जड मनाने सांगतो. २०१७ मध्ये नाशिकजवळ देवळालीत सैन्यातल्या सहायक प्रथेवर, म्हणजे जवानांना अधिकाऱ्यांची घरची कामं करायला लावण्यावर, एक छुपं चित्रीकरण झालं. जवानांचे चेहरे झाकून ते दाखवलं गेलं. त्यात बोललेला एक जवान काही दिवसांनी मृतावस्थेत सापडला. पत्रकारावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पत्रकाराला न्यायालयाने वाचवलं. आत राहिलेल्या माणसाच्या वाट्याला काय येतं, ते मुलाने चॅनेल चालवताना कधीच विसरू नये.

‘बाहेरच्या देशांत कागदांनी युद्धं थांबवली’ यावरही थोडं बोलू, कारण त्याच्या मनात बहुधा डॅनियल एल्सबर्ग आहे. १९७१ मध्ये एल्सबर्ग या अमेरिकी संरक्षण विश्लेषकाने व्हिएतनाम युद्धाचा सुमारे ७,००० पानांचा गुप्त अहवाल वृत्तपत्रांना दिला. १३ जूनला न्यूयॉर्क टाइम्सने छापायला सुरुवात केली, सरकारने बंदी आणली, आणि ३० जूनला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी छापायला मोकळीक दिली. हे फार मोठं काम होतं, मी ते मानतो. पण तो अहवाल कसला होता? १९४५ ते १९६७ चा इतिहास, राज्यकर्ते लोकांना काय सांगत होते आणि त्यांना स्वतःला काय माहीत होतं त्याचा. उद्या कुठली तुकडी कुठे असेल ते त्यात नव्हतं. एल्सबर्गने ४७ खंडांपैकी वाटाघाटींचे चार खंड वृत्तपत्रांना दिले नाहीत, कारण त्यातून चालू बोलणी बिघडली असती. वृत्तपत्राने सुमारे तीन महिने घालवून पानं तपासली. एवढं होऊनही युद्ध लगेच थांबलं नाही. पॅरिसचा करार १९७३ च्या जानेवारीत झाला.

याच्या शेजारी २०१० ठेवा. अमेरिकी सैन्यातल्या चेल्सी मॅनिंगने दिलेल्या कागदांपैकी अफगाणिस्तान युद्धाचे सुमारे ७५,००० विकिलीक्स या संकेतस्थळाने एकदम बाहेर टाकले. नागरिकांच्या मृत्यूंबद्दल जगाला जे कळायला हवं होतं ते त्यात होतं. पण परदेशी सैन्याला माहिती देणाऱ्या गावकऱ्यांची नावंही त्यात होती. मॅनिंगला ३५ वर्षांची शिक्षा झाली, २०१७ मध्ये ती कमी करून सोडण्यात आलं. या प्रकरणात बाजू घेणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांनी त्या गावकऱ्यांबद्दल फार कमी विचार केला, असं मला आजही वाटतं. मुलाला विचारा, तुझा कागद यातल्या कशासारखा आहे? एक पान, चालू दिवसांचं, माणसांच्या आकड्यांसकट, आणि देणाऱ्याने परत घेतलेलं.

यजमानांशी मात्र मी अर्ध्यावरच सहमत आहे. या कागदापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर. ‘फोडणारा तो देशद्रोहीच’ हे मला पटत नाही.

शिक्का म्हणजे शेवटचा शब्द नाही. आपल्याकडे टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड असे चार दर्जे आहेत, आणि ते माणसंच मारतात. कधी जिवाच्या काळजीने, कधी फजिती झाकायला. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये पूर्ण झाला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी संसदेत सांगत होते की तो आजही लष्करी दृष्टीने संवेदनशील आहे. २०१४ च्या मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा बराच भाग स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला. वाचणाऱ्यांना त्यात मुख्यतः नेतृत्वाच्या चुका दिसल्या. पन्नास वर्षांनी तो वाचायला मिळणं हा द्रोह कसा?

आणि हे आपल्या गावात तर वेगळं सांगायला नको. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला तो सुव्यवस्थेच्या नावाने. लिहिणाऱ्यांवर खटले झाले. ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, त्यातले कुर्बान हुसेन स्वतः पत्र चालवणारे होते. यजमान या चौघांच्या चार पुतळ्यांवरून जात असतील तर त्यांना हे आठवून द्या. शासकीय गुपिते कायदाही त्याच राजवटीने केलेला आहे.

मग कुठलं गुपित पाळायचं आणि कुठलं नाही? मी एक साधी कसोटी वापरतो, गुपिताचं आयुष्य किती. ताफा कधी निघणार हे गुपित काही तासांचं. तुकडी कुठे आहे हे काही आठवड्यांचं, कधी महिन्यांचं. पाणबुडीचा आवाज किती आणि ती किती खोल जाते, हे ती पाणबुडी चालते तोवरचं. २०१६ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या जाणाऱ्या स्कॉर्पीन पाणबुड्यांची २२,००० हून अधिक पानं फुटली. ती मिळालेल्या ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने छापताना नाजूक आकडे स्वतःहून काळे केले. खरेदीत पैसे खाल्ले, निकृष्ट माल घेतला, हे गुपित मात्र मला एक दिवसाचंही मान्य नाही. २०१९ मध्ये राफेल विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात सरकारने ‘कागद चोरलेले आहेत, ते बघू नका’ असा आक्षेप घेतला होता. १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि छापून आलेले कागद विचारात घेतले. पुढे नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, हेही सांगायला हवं. म्हणजे कागद बघितले म्हणून निकाल त्याच बाजूने लागतो असं नाही.

तुमच्या घरात याचं एक रोजचं उदाहरण आहे. दिरांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी पार्सल करता तेव्हा पत्ता काय लिहिता? नाव, क्रमांक, तुकडी आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. गावाचं नाव नसतं. पार्सल पोचतं, पण कुठे पोचलं ते तुम्हालाही कळत नाही. ही लपवाछपवी कुणाचं पाप झाकायला केलेली नाही, आणि तुम्ही ती इतकी वर्षं विनातक्रार पाळत आलात.

राहिला बुटांचा प्रश्न. तो मुलाने सोडू नये असंच मी म्हणेन. फक्त त्याला तो कागद लागत नाही.

सियाचिन आणि लडाखमधल्या जवानांना बर्फातले बूट, गॉगल, कपडे कमी पडले आणि शिध्यातही तडजोड झाली, हे कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, आपल्या अहवालात लिहिलं आणि तो २०२० च्या फेब्रुवारीत संसदेत मांडला गेला. त्याआधी २०१७ च्या अहवालात कॅगने म्हटलं होतं की दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. देशभर चर्चा झाली, सरकारला उत्तर द्यावं लागलं. संरक्षणविषयक अहवाल कॅग आता आपल्या संकेतस्थळावर टाकत नाही, पण संसदेत मांडलेल्या या अहवालांवरच्या बातम्या कुणालाही वाचता येतात. आज कुठल्या चौकीवर किती माणसं आहेत हे त्यातून कुणाला कळलं नाही. मुलाने त्या बातम्या वाचून व्हिडिओ करावा. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अर्थसंकल्पी मागण्यांवरचे अहवालही प्रसिद्ध होतात, तेही वाचावेत. त्यात बोलण्यासारखं खूप आहे.

माहिती अधिकार सैन्यालाही लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. नाकारलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. अर्ज कशाने फसतो, तर प्रश्न तुकडीवार विचारल्याने. ‘अमुक तुकडीला किती बूट मिळाले’ याला माहिती अधिकार कायद्याचं देशाच्या सुरक्षेविषयीचं कलम ८(१)(अ) दाखवून नकार येणार, आणि तो योग्यच असेल. त्यातून दिरांकडे बोट जाईल ते निराळंच. त्याऐवजी विचारावं : ‘मागील पाच आर्थिक वर्षांत अतिउंचावरील कपडे व बूट यांसाठी वर्षनिहाय मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि मुदतीनंतर पुरवठा झालेल्या करारांची संख्या.’ देशभरचे एकूण आकडे मागितले की नाकारायला कारण कमी उरतं. त्याच कायद्याचं कलम ८(२) सांगतं की लोकहित जास्त मोठं असेल तर शासकीय गुपिते कायदा असला तरी माहिती देता येते. अपिलात ते कलम लिहायला विसरू नये. हाच मजकूर खासदारांना निवेदन म्हणून देता येतो. त्यावर लोकसभेत प्रश्न विचारता येतो आणि उत्तर नोंदीत राहतं.

कुठल्या खरेदीत भ्रष्टाचार झाल्याचं एखाद्या वाचकाला पक्कं ठाऊक असेल, तर केंद्रीय दक्षता आयोगाकडे जनहितार्थ माहितीची वेगळी सोय २००४ पासून आहे. बंद पाकिटावर पीआयडीपीआय असं लिहायचं. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर मुळीच नको, आत तक्रारीत किंवा सोबतच्या चिठ्ठीवर हवा. निनावी तक्रार तिथे घेत नाहीत, नाव मात्र गुप्त ठेवतात. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला पण अमलात आला नाही, म्हणून सध्या या पाकिटावरच भिस्त आहे. ही उणीव मला फार खटकते. सरळ मार्ग अरुंद ठेवले की माणसं आडमार्गाने जातात, आणि मग शिक्षा फक्त त्यांनाच होते.

ज्या वाचकांकडे असा कागद घरातून न येता कुठून तरी फिरत आला असेल, त्यांनी आधी तो खोटा आहे असंच धरून चालावं. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत सैन्याच्या तयारीबद्दलचं एक ‘गोपनीय’ पत्र सगळीकडे फिरलं. खाली सही लष्करप्रमुख जनरल व्ही. के. नारायण यांची. त्या नावाचे लष्करप्रमुखच नव्हते, त्या पदावर जनरल उपेंद्र द्विवेदी होते. पीआयबी या सरकारी माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकने ते बनावट असल्याचं सांगितलं. टेशेराच्या कागदांतल्याही एका पानावरचे मृतांचे आकडे बदलून ते टेलिग्रामवर फिरवलं गेलं होतं. खरा कागद पसरवला तर धोका, खोटा पसरवला तरी धोका, आणि फोनवर दोन्ही सारखेच दिसतात. अशा कागदाच्या मागोमाग कुणी अनोळखी माणूस ‘संरक्षण अभ्यासक’ म्हणून संपर्क करू लागला, आणखी फोटो मागू लागला किंवा पैसे देऊ लागला, तर बोलणं तिथेच थांबवून पोलिसांना कळवावं.

आता दिरांकडे. त्यांना फोन करून ‘त्या कागदाचं काय’ असं विचारू नका, मेसेजही नको. त्यांच्यावर लष्करी कायदा आणि नियम लागू आहेत, घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटोही त्यांच्या अंगाशी येऊ शकतो. नेहमीसारखं बोला, तब्येत विचारा, जेवलात का विचारा. बुटांची, शिध्याची तक्रार करायला त्यांना स्वतःची वाट आहे. सैन्य अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे जवान आपल्या वरिष्ठांकडे आणि तिथे दाद न मिळाल्यास त्यावर तक्रार नेऊ शकतो. सेवेतल्या बाबींसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. ती वाट धरायची की नाही हे त्यांनी ठरवायचं, पुतण्याने नाही आणि आपणही नाही.

मुलगा आणि यजमान यांना एका ताटावर आणायला तुम्ही एवढंच करून बघा. दोघांपुढे प्रश्न ठेवा, ‘भाऊजी सुटीवर आले आणि त्यांनी विचारलं, मी पुसलेला फोटो कुणाकडे आहे का, तर आपण काय सांगायचं?’ कोण देशभक्त आणि कोण द्रोही हा वाद तेवढ्यापुरता बाजूला राहील. उत्तर दोघांनाही द्यावं लागेल.

आणि गड्ड्याच्या यात्रेला दिरांना सुटी मिळाली, तर जेवणं झाल्यावर सगळ्यांचे फोन आतल्या खोलीत ठेवा. माहिती अर्जाचा कच्चा मसुदा मुलाला कागदावर लिहून आणायला सांगा आणि काकांना वाचून दाखवायला लावा. त्यातलं जे वाक्य त्यांना नको वाटेल, ते त्यांच्या समोर खोडा.